स्वच्छ चित्राचा कौल

३ नोव्हेंबर, सकाळ

आजपासून दोन गोष्टी पक्क्या. एक, कमी बोलायचं. दोन, शिनलानच्या कामात लक्ष घालायचं. हे म्हणाले, दोन्ही एकदम कसं जमणार? ह्यांना सकाळी उठल्या उठल्या एवढंच सुचतं.

शिनलान आमची एकुलती एक. टीव्हीत जी चिप असते तिच्यातला फिल्टर बनवते. मी मॅट्रिक असले तरी मला सगळं समजतं, ती नीट सांगत नाही एवढंच. काल जेवताना मात्र सांगितलं. टीव्हीच्या चित्रात बारीक वाळूसारखी कचकच असते. अंधारात काढलेल्या फोटोत दिसते तशी. ती कचकच गाळायची गाळणी तिनं केलीय. गाळणी उत्तम, पण चिपवर जागा फार खाते. तिचे बॉस थांगसाहेब म्हणाले, निम्मी करा. नाही जमलं तर बाहेरच्या कंपनीची तयार गाळणी घेऊ, तुमची टीम मोडू, आणि तुमची बदली ओसाकाच्या ऑफिसला.

ओसाका. परका मुलूख, मध्ये समुद्र. मुलीला धड भात लावता येत नाही.

मी म्हटलं, तू निश्चिंत राहा, कमी करणं हाच माझा विषय. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. म्हणजे धीर आला.

५ नोव्हेंबर, रात्रीची भांडी झाल्यावर

आज तिला सविस्तर विचारलं. तिनं टेबलावर वाटाणे मांडून दाखवलं. एक ठिपका साफ करायचा तर आजूबाजूच्या ठिपक्यांना विचारायचं, तुम्ही कसे दिसता? त्यांच्या उत्तरांची गोळाबेरीज करून मधल्याला सांगायचं, बाबा, तू असा दिस. शेजाऱ्यांना विचारून माणूस सुधारतात तसंच. पण चित्र येतं ओळीओळीनं. वरच्या ओळीतले शेजारी केव्हाच पुढे गेलेले असतात. म्हणून मागच्या ओळी साठवून ठेवाव्या लागतात. ही साठवणच चिपवर जागा खाते. शिवाय जवळच्या शेजाऱ्याच्या शब्दाला जास्त वजन, लांबच्याला कमी, म्हणून गुणाकार. गुणाकारालाही जागा लागते.

मी म्हटलं, मग इतक्या ओळी साठवतेसच कशाला? थोड्या ठेव.

ती म्हणाली, गेला महिनाभर आम्ही तेच करतोय, आई.

म्हणजे माझा सल्ला बरोबर होता.

वाटाणे परत बरणीत भरले. एक ह्यांनी खाल्ला.

१२ नोव्हेंबर

प्रगती आहे. शिनलान म्हणाली, गुणाकार बरेच काढून टाकले. चिपमध्ये दुप्पट करायला काहीच लागत नाही म्हणे, तारा एक घर सरकवून जोडल्या की झालं. म्हणून सातनं गुणायचं असेल तर आठपट करायचं आणि मूळचं एकदा वजा करायचं. मला भरून आलं. मी बाजारात जन्मभर हेच करत आलेय. आठ जुड्यांचा भाव पाडायचा आणि घ्यायच्या सात. हे म्हणाले, तो भाजीवाला तुला बघून दुकानाचं शटर ओढतो. ह्यांना गणित कळत नाही.

मुलीनं हे माझ्याकडूनच उचललं असणार. लहानपणी पाढे मीच घेत असे. पट्टी हातात असायची, पण मारत नसे. फार मारत नसे.

संकल्प : हे श्रेय चारचौघांत सांगायचं नाही.

१३ नोव्हेंबर

देवळातल्या आमच्या पाठमंडळात सांगितलं. विषयच निघाला.

१८ नोव्हेंबर

तिच्या ऑफिसात यंत्रं शहाण्यासारखी चालावीत म्हणून प्रत्येक यंत्रावर नारळाच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवतात. हिरवं म्हणजे सिग्नलसारखं, चालू राहा. ह्या गावात सगळ्याच ऑफिसांत ठेवतात. तिच्या चाचणीच्या यंत्रावर एकच पाकीट आहे असं कळलं. एकानं काय होतंय? मी खोकंभर आणलं. निम्म्या किमतीत मिळालं. पिवळी होती ती दुकानदाराला परत दिली, एवढं मला कळतं. हिरवीच घेतली.

२० नोव्हेंबर

खोकं परत आलं. पाकिटांची तारीख ह्या महिन्याअखेर संपते. तारीख उलटलेलं पाकीट यंत्रावर राहिलं तर यंत्र रुसतं, आणि थांगसाहेब अमेरिकेतून डॉक्टरेट करून आलेले असले तरी पाकीट उलटं करून आधी तारीख बघतात. शिनलानला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं.

तारीख माणसांसाठी छापलेली असते. यंत्राला कुठे पोट आहे?

हे टीव्हीसमोर बसून एकेक पाकीट संपवतायत. टीव्ही व्यवस्थित चालू आहे. हे कुणी लक्षात घेत नाही.

३० नोव्हेंबर, संध्याकाळ

झाली. निम्मी झाली. निम्म्याहूनही लहान झाली. शिनलान दारातूनच सांगत आली, चपला हातात. मी समुद्रमाईपुढे उदबत्ती लावली. (एकच. देवाला भाव कळतो.) शेवयांच्या सूपमध्ये आज अंडी घातली.

नंतर जेवताना तिनं पुढचं सांगितलं. थांगसाहेब म्हणतात, लहान झाली हे ठीक, पण लोकांच्या डोळ्यांना काय वाटतं ते बघू. साध्या माणसांना खोलीत बसवून दोन चित्रं शेजारी शेजारी दाखवणार. एक हिच्या गाळणीतलं, एक बाहेरच्या कंपनीच्या. कुठलं कुणाचं ते सांगायचं नाही. लोक म्हणतील ती गाळणी चिपमध्ये जाणार. हिची गेली तर टीम इथेच राहणार. नाही गेली तर ओसाका.

कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना बोलावणार नाहीत. मी म्हटलं, फार चांगला नियम. न्यायाला धरून आहे.

१ डिसेंबर

तो नियम तितकासा चांगला नाही.

देवळाच्या फळ्यावर चिठ्ठी लागलीय. कंपनीला टीव्ही भरपूर बघणारी वयस्क माणसं हवीत. दुपारचा डबा मिळेल, एक टॉवेल मिळेल. आमच्या पाठमंडळापेक्षा जास्त टीव्ही बघणारं गावात कोण आहे? ही चिठ्ठी त्याच फळ्यावर लागावी, त्याच आठवड्यात लागावी, आणि ती वाचायला मीच जावं. ह्याला योगायोग म्हणायला माझं मन धजत नाही.

३ डिसेंबर, सकाळी

देवळात जाऊन कौल लावला. उगाच आपल्या मनानं काही करायचं नाही, हा माझा नियम आहे. समुद्रमाईला विचारलं, मुलीसाठी मी त्या खोलीत जाऊन बसू का?

चंद्रकोरीसारख्या दोन लाकडी कोरी टाकायच्या, एक उताणी एक पालथी पडली की होकार. माझ्या दोन्हींची सपाट बाजू वर पडली. म्हणजे देवी हसली.

पुन्हा टाकला. पुन्हा हसली. आणखी एकदा टाकला. हसलीच.

लियाओ वहिनी मागे उभ्या होत्या. आमच्या मंडळात पाठ त्यांना कमी येतो, बोलणं जास्त. त्या म्हणाल्या, देवी हसते म्हणजे तुझा प्रश्नच तिला पटलेला नाही, घरी जा. मी म्हटलं, नकार हवा असता तर दोन्ही पालथ्या पडल्या असत्या. हसणं म्हणजे नकार नव्हे. कुणी आपल्याला बघून इतक्यांदा हसलं तर ते आनंदानंच ना? वहिनी म्हणाल्या, मला बघून माझी सून हसते, ते नाही गं आनंदानं.

मोठ्या कामाला सलग तीन होकार लागतात, ते मला माहीत आहे. मला सलग तीन हसू मिळाली. हसू हे होकारापेक्षा मोठंच.

४ डिसेंबर

मंडळातल्या सगळ्याजणींची नावं दिली. फॉर्मवर रकाना होता, कंपनीत कुणी नातेवाईक आहे का? मी 'नाही' लिहिलं. खोटं लिहिलं खरं, पण देवीला आधीच कल्पना दिलेली होती. शिवाय मी माहेरचं आडनाव लावते, लू. शिनलान बापाचं लावते, फांग. आमच्याकडे सगळ्याच बायकांचं असं असतं. इतकी वर्षं त्याचा उपयोग काय ते कळत नव्हतं.

१० डिसेंबर

रात्री शिनलान आपणहून शेजारी येऊन बसली. म्हणाली, आई, दोन्ही चित्रांत फरक काय आहे सांगू का? त्यांच्या गाळणीनं होतं काय, तर

मी तिला मध्येच थांबवलं. म्हटलं, मला सांगायची गरज नाही, तुझ्या हातचं काम मी डोळे मिटून ओळखीन. आणि खरं तर मला जास्त माहिती झाली असती तर ते न्यायाला धरून झालं नसतं.

ती उठली. मग झोपायला गेली. दमते बिचारी.

१५ डिसेंबर, दुपारी, डबा संपवून

पार पडलं. सगळं सविस्तर लिहून ठेवते.

बसमध्ये मी सगळ्यांना पढवलं. त्यांना शिनलान लहानपणापासून माहीत आहे, कुणी कुरकुर केली नाही. लियाओ वहिनींनी तेवढं विचारलं, तिचं चित्र ओळखायचं कसं? मी म्हटलं, सोपं आहे. फिल्टरचं काम कचरा काढणं. जे चित्र जास्त स्वच्छ दिसेल ते आपल्या शिनलानचं. माझ्या हाताखाली वाढलेली मुलगी आहे, तिच्या कामात कणभर घाण राहणार नाही. सगळ्यांना पटलं. माझं स्वयंपाकघर सगळ्यांनी बघितलंय.

अंधारी खोली. दोन पडदे. प्रत्येकीच्या हातात डाव्या-उजव्या बटणाचा डबा. एक मुलगी सूचना देत होती, गोड होती.

पहिलं चित्र तांदळाच्या शेवया वाऱ्यावर वाळत घातल्याचं. इथलंच, आपल्या शिंचूचं. डावीकडे शेवईची शेवई सुटी दिसत होती, पण मागच्या आभाळात थोडी वाळू होती. उजवीकडे आभाळ धुतल्यासारखं. शेवया मात्र पांढरी चादर वाळत घातल्यासारख्या. लियाओ वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, डावीकडच्या तर मोजता येतायत. मी खोकले. त्या मुलीनं विचारलं, आजी, पाणी हवं का? मी नको म्हटलं. वहिनींना चिमटा काढला. त्यांनी उजवं दाबलं.

मग एका म्हाताऱ्या कोळ्याचा चेहरा. एकीकडे सगळ्या सुरकुत्या, पापण्यांचे केस, ओठाला पडलेली चीर. दुसरीकडे सोललेला मुळा. शेजारची म्हणाली, हा मुळ्यावाला कुणाचा नवरा म्हणून शोभेल? सगळ्या हसल्या. मुलगी म्हणाली, कृपया आपापसात बोलू नका. सगळ्यांनी मुळा दाबला. आमची एकी वाखाणण्यासारखी होती.

पडदे मध्ये मध्ये अदलाबदल करत होते. आम्हाला फसवायला बघत होते. पण स्वच्छ ते स्वच्छ, कुठल्याही बाजूला ठेवा.

शेवटी समुद्रमाईची पालखी. फटाक्यांचे लाल कागद उडतायत, धूर आहे, गर्दी आहे. एका पडद्यावर देवीच्या झग्यावरची जर दिसत होती, टाका न् टाका. मुकुटापुढचे मणी वेगवेगळे हलत होते. दुसऱ्यावर झगा प्लास्टिकच्या टेबलक्लॉथसारखा गुळगुळीत, आणि मण्यांच्या जागी एक चकचकीत पट्टी. माझे हात जोडले गेले, ते जरीच्या पडद्याकडे. बोट पण त्याच बाजूच्या बटणावर गेलं.

वेळीच आवरलं. आपल्या आवडीनिवडीपेक्षा मुलीचं भवितव्य मोठं. स्वच्छ दाबलं.

डबा ठीक होता. मासा लहान, भात भरपूर. टॉवेल बरा आहे, जाड आहे.

१६ डिसेंबर

आज शाकाहाराचा दिवस. मन शांत. शिनलानला काही बोलले नाही. सगळं झाल्यावर एखाद दिवशी सहज कळेल तिला की आई होती म्हणून. मी तेव्हाही काही बोलणार नाही, नुसती भांडी घासत राहीन.

संकल्प : निकाल लागेपर्यंत शेखी मिरवायची नाही. मनातसुद्धा.

२४ डिसेंबर, दुपार

शिनलान भर दुपारी घरी आली. जेवली नाही.

बाहेरच्या कंपनीची गाळणी घेणार. बघायला आलेल्या बाकीच्या गटांमध्ये मतं जवळजवळ निम्मी निम्मी होती, हिचीच थोडी पुढे होती. एक गट मात्र सगळाच्या सगळा त्यांच्या बाजूनं गेला. एकही मत इकडे नाही. सगळ्या वयस्क बायका. थांगसाहेब म्हणाले, घरोघरी टीव्ही ह्याच बायका बघतात, त्यांचा कौल इतका स्पष्ट आहे तर मी काय करू.

मी विचारलं, तुझं चित्र कुठलं होतं?

ती म्हणाली, "ज्यात थोडी वाळू राहिली होती ते. वाळू सगळी काढता येते, आई, त्यात काही मोठंसं नाही. पण मग वाळूबरोबर शेवया पण जातात, जर पण जाते. तेवढं जाऊ द्यायचं नाही, म्हणून तर सहा महिने घातले." थोड्या वेळानं म्हणाली, "त्या बायकांचं माझ्याशी काय वैर होतं, कळत नाही. एकीला तरी जर दिसायला हवी होती."

मी म्हटलं, दिसली असेल गं एखादीला.

ती तोंड धुवायला उठली. मी चुलीकडे वळले. वळून बघते तर ती दांडीवरच्या टॉवेलला तोंड पुसत होती. टॉवेलच्या कडेला कंपनीचं नाव विणलेलं आहे, हे मला तेव्हा आठवलं. वापरायला काढायची घाई कुणी केली होती? पण जुना विरला होता, नवा असताना विरलेला कशाला वापरायचा.

तिनं टॉवेल थोडा वेळ हातात धरला. मग नीट घडी करून दांडीवर परत टाकला.

तिला कळलं नसावं. टॉवेल सगळे सारखेच दिसतात.

२५ डिसेंबर

तिला कळलेलं नाही. सकाळी निघताना नेहमीसारखं 'येते' म्हणाली. नेहमीपेक्षा हळू म्हणाली इतकंच, घसा बसला असेल. शिंचूचा वारा ह्या दिवसांत वाईट.

२९ डिसेंबर

कळलंय.

ह्यांनी सांगितलं. तिनं बापाला विचारलं होतं, आईनं टॉवेल कुठून आणला? हे म्हणाले, डब्याबरोबर मिळाला. ह्यांना एरवी काही आठवत नाही.

माझ्यापाशी मात्र तिनं विषयच काढला नाही. रागावली असती तर मी उत्तर दिलं असतं. उत्तर तयार आहे माझ्याकडे. देवीनं परवानगी दिली होती, फॉर्म मी भरला, तू नव्हे, स्वच्छतेत काय वाईट, आणि दहा तारखेला तू सांगायला आलीस तेव्हा थोडा आग्रह धरायला हवा होतास. पण ती विचारतच नाही. पानात वाढलेलं खाते आणि ताट उचलून नेते.

३ जानेवारी, सकाळ

ठरलं. थांगसाहेबांकडे जाऊन सगळं सांगायचं. आमच्या गटाची मतं बाजूला काढा म्हणायचं. बाकीच्यांत शिनलानच पुढे आहे. साधी वजाबाकी आहे. चांगला कोट घातला.

३ जानेवारी, दुपार

फाटकावरच्या रखवालदारानं वही पुढे केली. कुणाला भेटायचं, काम काय, कंपनीत नातं कुणाशी. पेन हातात घेतलं. 'मुलगी' लिहिलं तर त्या दिवशीचा फॉर्म खोटा ठरतो. मग सगळे म्हणणार, मुलीनंच आईला घुसवलं, ते पण धड जमलं नाही. तिची नोकरी तरी राहील का? 'नाही' लिहिलं तर मी कोण, आणि माझं कोण ऐकणार.

मागे रांग होती. रखवालदार म्हणाला, मावशी, लिहा की पटकन, वाऱ्यानं पानं उडतायत.

पेन परत दिलं. म्हटलं, चुकून दुसऱ्या इमारतीत आले.

८ जानेवारी

देवळात गेले. समुद्रमाईला विचारलं, आता काय करू? दोन्ही कोरी पालथ्या. पुन्हा टाकल्या. पालथ्या. तिसऱ्यांदा टाकायचा धीर झाला नाही. लियाओ वहिनी शेजारी होत्या, एरवी त्यांचं तोंड बंद नसतं. आज म्हणाल्या, चल, चहा घेऊ. मी म्हटलं, घरचा प्यायलाय. त्या म्हणाल्या, पैसे मी देते गं बाई. गेले.

तिथे त्या म्हणाल्या, मला ती जर आवडली होती. मी म्हटलं, मला पण.

२ फेब्रुवारी

आमचं चांद्र नवं वर्ष झालं. जेवायला मासा केला, शिल्लक ठेवायची रीत म्हणून अर्धा ठेवला. शिनलान म्हणाली, ओसाकाला महिनाअखेर जायचंय. हे टीव्ही बघत होते, त्यांनी आवाज कमी केला.

मी म्हटलं, तिकडे थंडी फार असते. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, तांदूळ दोनदा धुवायचा, पहिलं पाणी टाकून द्यायचं, दुसरं झाडांना. ती म्हणाली, झाडं नाहीत, आई. मी म्हटलं, मग नुसतं टाकून दे. असं मी आयुष्यात कुणाला सांगितलेलं नाही.

२६ फेब्रुवारी

विमानतळावर गेलो. तिनं बापाला मिठी मारली, मग मला. मी सांगायचं ठरवूनच गेले होते. वाक्य बसमध्ये पाठ केलं होतं. "शिनलान, त्या दिवशी" इथपर्यंत म्हटलं. ती म्हणाली, "आई, असू दे." माझ्या कोटाची कॉलर सरळ केली आणि आत गेली.

परत येताना बसमध्ये बाकीचं वाक्य मनात म्हणून बघितलं. इतकं काही चांगलं नव्हतं.

९ मार्च, संध्याकाळ

ओसाकाहून पहिला व्हिडिओ कॉल. ह्यांनी फोन बरणीला टेकवून टेबलावर ठेवला. शिनलान आली. खोली लहान आहे म्हणाली. भात आता नीट लावता येतो म्हणाली.

चेहरा अगदी स्वच्छ येत होता. कपाळावर आठी नाही, डोळ्यांखाली काही नाही. डाव्या गालावर तीळ आहे तिला, जन्मापासूनचा, तो पण दिसेना. मी विचारलं, तीळ काढलास का? ती म्हणाली, नाही गं, आहे की, फोनमधला फिल्टर पुसून टाकतो. मग तोंड जरा हललं. हसली की रडायला आली, मला कळेना. ह्यांना विचारलं, ह्यांनाही कळेना.

फोन ठेवल्यावर मी ओल्या फडक्यानं काच पुसून बघितली. काच स्वच्छच होती.